पत्रा आहे का

मशीनवर बसलं की मान खाली.
चाळीस वर्षं झाली.
म्हणून अदिसमधली ही गल्ली मी कानांनीच बघितली,
डोळ्यांच्या वाट्याला आले ते फक्त पाय.

पहाटे टेकडीवरच्या चर्चच्या कर्ण्यातून घोगरं स्तोत्र,
ते श्वास घेतं तेवढ्यात पलीकडून अजान.
अरुंद जिन्यात शेजारी अंग चोरतात
तशी दोघं एकमेकांना वाट देतात.

मग झेनेबेचच्या दारात कॉफीचे दाणे.
आधी तव्यावर खुळखुळ, मग तडतड,
मग उखळात दण्. दण्.
दोन दण्‌च्या मधल्या फटीत ती
जावेबद्दल काय ते बोलून घेते.

निळ्या टॅक्सीच्या दारात लोंबकळणारा पोरगा
पियासा, पियासा, पियासा, पियासा,
शेवटी ठिकाण उरतच नाही,
नुसती उचकी.

बिनियम ब्रशच्या पाठीने पेटीवर दोनदा वाजवतो :
दुसरा पाय.
शाळेचे मोजे जातात, एक घसरलेला.
सहा गाढवं, एकाच्या खुराला चिंधी.
निलगिरीची मोळी जाते तेव्हा खालची बाई दिसत नाही,
शेंडे डांबर झाडत जातात
आणि बराच वेळ सर्दी झाल्यासारखा वास येत राहतो.

आणि उन्हं माझ्या कात्रीवर आली की गशाव.
कोराऽऽलेऽ!
मूळ प्रश्न लांबलचक होता म्हणे,
पत्रा आहे का हो घरात, जुना पत्रा?
हिंडून हिंडून त्याचे तळवे झिजले.
आता तीन अक्षरं उरलीत, तीही अनवाणी.
तेलाचे डबे घेतो, फुटकी कढई घेतो,
मुका झालेला रेडिओ हलवून बघतो.
माझ्या बोथट कात्रीवरून आम्ही तीन दिवस भांडलो होतो.

गेल्या महिन्यात नवे बूट आले.
बिनियमकडे थांबले नाहीत.
टेप ओढल्याचा सर्रकन आवाज झाला, अगदी माझ्या टेपसारखा,
म्हणून मी मान वर केली.
माझी मापं अंगात घालायची असतात.
यांची उतरवायची होती.
भिंतीवर लाल फुली, ओघळत होती अजून.

झेनेबेचला शहराबाहेर चौथ्या मजल्यावर खोली मिळालीय.
ती एवढंच विचारते :
तिथं उखळ चालेल का?
खालचे काय म्हणतील?

आज गशाव आला आणि ओरडला नाही.
गल्लीच्या तोंडाशी पोतं धरून उभा राहिला.
जन्मभर विचारलेल्या प्रश्नाला
एवढं मोठं उत्तर मिळेल असं
त्याला वाटलं नसणार.

खिळा उपटताना पत्रा किंचाळतो.
याच पत्र्यावर कबुतरांची नखं,
ऑगस्टातल्या गारा,
एकदा रात्रभर एक मांजर, पिलाला शोधत.
शिडी मी धरली.
वर बघावंच लागलं.

सगळी छपरं उतरली तेव्हा
शाळेच्या एका सदऱ्याची बाही राहिली होती.
मी मशीन पुढे ओढलं, पायडल मारलं.
डोक्यावर थेट ऊन, सुई चमकून दिसेना.
शेजारी गशाव पत्रे मोजत होता.
ओरडत नसला की त्याचा आवाज किती बारीक आहे
हे मला आजच कळलं.

बाही लागली तेव्हा
तो अकरावर होता.