कळ

टिसा नदी कडेनं गोठायला लागली की
सेगेदमधली आमची खोली म्हणजे थंडीच्या आत आणखी एक थंडी.
यंत्रात उणे वीस. मी पातं लावते.
एक्केचाळिसाव्या उंदराचा मज्जारज्जू
बर्फाच्या ठोकळ्यात उभा.
तीस मायक्रॉन. तीस मायक्रॉन. तीस.
कुंचल्यानं एकेक चकती उचलते
श्वास रोखून,
फुंकर लागली तरी ती गुंडाळते.

चकतीत मधोमध करडं काही पसरलेलं.
विद्यार्थी म्हणतात, फुलपाखरू.
पुस्तकं त्याच्या टोकांना शिंगं म्हणतात.
मला तिथे गुडघे पोटाशी घेऊन झोपलेलं कुणीतरी दिसतं,
पण हे मी नोंदवहीत लिहीत नाही.

शिंगाच्या अगदी कडेला, कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या थरात
मोजक्या पेशी, आणि त्यांच्या अंगभर ग्राही.
दारं म्हणा हवं तर.
अकरा मण्यांची एक माळ सुटते,
दाराला लागते,
आणि दार उघडत नाही:
दारच पाहुण्याला घेऊन घरात जातं.
पाच मिनिटांत भिंत बोडकी,
आत लाल ठिपके.
तासाभरानं दारं परत जागेवर, काही झालंच नाही अशी.
मी ते ठिपके मोजते. तेवढंच माझं काम.

माळ सुटावी म्हणून डॉक्टर बोग्लार्का
त्याच्या पंजात मिरचीचा अर्क टोचते.
भूल दिलेली असते. तरी दारं आत जातात.
म्हणजे कळ पोचते,
कळत कुणालाच नाही.

रविवारी रोस्केला जाते, बाबांकडे.
छपराखाली पापरिकाच्या माळा, वाऱ्यानं खुळखुळणाऱ्या.
गिरणीनं त्यांची दोन बोटं नेली त्याला एकोणीस वर्षं झाली.
ती अजून झोंबतात.
ठणकत नाहीत, सलत नाहीत, बाबा शब्द निवडून घेतात:
झोंबतात. आत्ताच बिया काढल्यासारखी.
मग ते हात गार पाण्यात बुडवतात
आणि थोडा जास्तच खोल,
नसलेली बोटं भिजावीत म्हणून.

"तुमचं औषध निघालं का?"
निघालं होतं, बाबा. दारात अडकून बसणारी खोटी माळ.
उंदरांना गुण आला.
माणसांना त्या गोळीत आणि खडूत फरक कळला नाही.
ते हसतात. इतके, की खोकला येतो.
"चला, उंदरांचं तरी भलं झालं."
मी एक्केचाळीसबद्दल काही बोलत नाही.

सुपाचं भांडं उतरवताना त्याचा कान धरते
आणि बोट भाजतं.
सवयीनं घड्याळ बघते: तीन दहा.
म्हणजे चार दहापर्यंत माझी दारं जागेवर.
बाबांची कुठे राहिलीत
ते कुठल्याच चकतीत सापडलेलं नाही.

ते वाढतात, डाव्या हातानं, तीन बोटांत डाव धरून,
थेंब न सांडता.
चार दहालाच माझी बस आहे.