खळं

ओबनच्या धक्क्यावर सकाळी सव्वासहाला
मर्डो मॅकविश बोटीवरून बादली वर देतो.
आत दीडशे मीटर खालचा चिखल,
काळा, गार, नासक्या अंड्याच्या वासाचा.
"घे बाई, तुझं सोनं," म्हणतो,
आणि डाव्या पायावर भार न देता उभा राहतो.

मी आटपाडीची. आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं,
चिखल बघायलाही नशीब लागायचं.
इथं मी चिखलाला चिठ्ठ्या लावते,
तारीख, खोली, अक्षांश,
आणि समुद्राच्याच शेवाळापासून केलेल्या अगारवर
त्याचा एक थेंब फिरवते.
मग वाट बघते. पगार मुख्यतः त्याचाच मिळतो.

बशी क्रमांक चारशे सतरा.
इस्पितळातला हट्टी जंतू साईसारखा कडेपर्यंत पसरलेला,
मध्ये एक नारिंगी ठिपका, मोहरीएवढा,
आणि त्याच्याभोवती काहीच नाही.
झाडून सारवून ठेवावं तसं काहीच नाही.
इशबेल म्हणाली, झोन.
मी म्हणाले, खळं.
चंद्राभोवती पडतं तेही,
ज्वारी मळायला बैल फिरतात तेही,
असं सांगायला गेले, तोवर तिनं पट्टी लावली होती:
एकोणीस मिलिमीटर.

मग त्याला मोठ्या फ्लास्कमध्ये घातलं.
साखर दिली, ऊब दिली, गाळलेलं गोड पाणी दिलं.
तो वाढला, गुबगुबीत झाला
आणि गप्प बसला.
चार महिने. साईवर साधा ओरखडा नाही.

शेवटी मर्डोकडून कॅन भरून खारं पाणी मागवलं,
आणि त्याच चिखलातला त्याचा एक शेजारी
मुद्दाम आणून बाजूला सोडला.
तिसऱ्या दिवशी भांडण. चौथ्या दिवशी खळं.
सुखात कशाला कोण विष गाळत बसेल?
(हे वाक्य अहवालात घातलं नाही.)

"औषध झालं का?" मर्डो दर मंगळवारी विचारायचा.
दहा वर्षं, मर्डो. झालं तर.
आधी उंदीर, मग मूत्रपिंडं, मग पैसे.
"बरं. माझ्या अंगठ्याला तेवढं समजावून सांग,"
म्हणाला, आणि बूट परत चढवला.

नोव्हेंबरात ग्लासगोला नेऊन
त्याच्या पायाचा अंगठा काढला. होती नव्हती ती सगळी औषधं
आधी देऊन झाली होती.

फेब्रुवारीत धक्क्यावर परत तोच,
बूटही तोच, पुढं मोजा कोंबलेला.
बादली वर देऊन हात पुसले.
बशी बाहेर आणायची परवानगी नाही,
म्हणून मी फोनवर फोटो दाखवला.
त्यानं हाताच्या अंगठ्यानं तो मोठा केला,
आणखी मोठा केला,
चष्मा कपाळावर सारला.

"इथं तर काहीच नाही."

तेच, मर्डो.
तेच दाखवतेय.