साडेतीन मिलिमीटर

पहिल्या दिवशी गुरुसिद्ध कम्मार मला म्हणाला, "केळु."
मी म्हटलं, इथं उद्यमबागेत कुठली केळी?
तो हसला नाही. हातोडी उचलून
पंपाच्या ओतीव अंगावर एक ठोका मारला
आणि माझं मुंडकं धरून
कान बिडाला लावला.
केळु म्हणजे ऐक.
एवढं कानडी मला बत्तीस वर्षं पुरलं.

आई विचारायची, तू बनवतोस तरी काय?
काहीच नाही.
दुसऱ्यानं बनवलेल्यात काय राहून गेलं ते बघतो.
"म्हणजे नणंदेचं काम,"
ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मग शिकत गेलो.
लाल रंग फासायचा, पुसायचा, पांढरी पावडर मारायची,
खोटं असेल तिथून लाल परत वर येतं.
रात्री मच्छेच्या शेडमध्ये दोरी बांधायची,
वॉचमनलाही गेटबाहेर घालवायचं,
इरिडियम उघडायचं आणि घड्याळ बघत उभं राहायचं
लांब, अंधारात, छातीवर बिल्ला लावून.
पहाटे फिल्मी तारेवर सुकत असायच्या.
एखादीत काळ्या तिळाएवढा बुडबुडा,
ओतणारा माणूस ओतून घरी गेला, जेवला, झोपला,
त्याला पत्ता नाही.

चुकलोही.
नेमगोंडा शेठजीचे अठरा व्हॉल्व्ह मी नापास केले.
"एवढं चालतंय की हो. आत जाऊन बघितलाय काय कुणी?"
मी म्हटलं, न फोडता सांगणं हाच माझा धंदा.
रविवारी त्यानं एक करवतीवर घेतला
आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन फाका माझ्या टेबलावर ठेवल्या.
आत चकचकीत. कुठं काही नाही.
सहा महिने उद्यमबागेतल्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर
ती पिशवी माझ्याआधी पोचलेली असायची.
तेव्हापासून प्रोब दोन बाजूंनी फिरवल्याशिवाय
मी पेन उघडत नाही.

पण सांगायचं होतं ते शाफ्टचं.
संकेश्वरच्या अलीकडं एक साखर कारखाना,
तिसऱ्या मिलचा वरचा रोलर.
एकशे चौऱ्याऐंशी मिलिमीटर आत
पडद्यावर एक बारकी काडी उभी राहिली.
साडेतीन मिलिमीटर.
नियमात बसत होती. सही केली.
त्या रात्री उठून पुस्तक पुन्हा उघडलं,
नियम तिथंच होता.
मग दर वर्षी, हंगाम संपला की,
मळीच्या आंबूस वासात, गोठलेल्या ग्रीसवर गुडघे टेकून
मी त्या काडीला भेटायला गेलो.
मॅनेजर बदलले, चेअरमन बदलले,
बोर्डावरची अक्षरं बदलली, पुन्हा बदलली,
गुरुसिद्ध गेला, त्याच्या बाराव्याला मला जाता आलं नाही,
बॉयलरची तारीख होती.
काडी साडेतीन.
बावीस वर्षं साडेतीन.
घरात कुणाचा वाढदिवस मी इतका नेमानं पाळला नाही.

यंदा खडेबाजारात डोळे तपासून घेतले,
दर वर्षी लागतात, सर्टिफिकेटला.
तक्त्याची शेवटची ओळ डॉक्टरांनी बोटानं दाखवली.
मी ती पाठ म्हणू शकलो असतो.
म्हटली नाही.

म्हणून या जूनमध्ये शिवलीलाला घेऊन गेलो.
खानापूरकडची पोर, हात हलका,
प्रोब सरकवते जशी तव्यावर पीठ पसरावं.
दोन्ही बाजूंनी बघितलं तिनं, न सांगता.
"सर, साडेतीनच्या जरा पुढं वाटतंय. पावणेचार."
मी वाकलो. पडदा मला दूध सांडल्यासारखा दिसला.
जरा पुढं म्हणजे तिचा हात,
की यंत्राचं मोजमाप,
की खरंच?

"परत लाव," मी म्हटलं.
ती परत लावत होती.
मी चिंधी घेऊन
पुढची जागा पुसून ठेवली.