पाहुण्याचं गंगाफळ

नवापूर मागे पडलं, मग डांबरही संपलं.
साक्रीचा ड्रायव्हर म्हणाला, "आते पाये पाये चाला,"
आणि स्वीडनच्या कुठल्याशा मंडळीतले नऊ जण
बुटांच्या लेसा आवळत उतरले.
मी दुभाषी. दिवसाचे सहाशे, जेवण त्यांच्याबरोबर.

वेशीवर ढोल. पोरींनी तांब्यातून पाणी ओतत
नऊ जणांचे पाय धुतले.
एकाच्या मोज्याला भोक होतं,
त्याने मोजा मुठीत लपवला.
त्याचं नाव तोरब्यॉर्न.
गावाने दोनदा म्हणून पाहिलं,
मग बांधापलीकडे फुललेल्या शेताकडे बघत
तूरभाऊ करून टाकलं.

तो उतरला हन्नाबाई गावितांकडे.
कुडाचं घर, सारवण अजून ओलं,
भिंतीवर येशूचं कॅलेंडर, दोन वर्षांपूर्वीचं,
चित्र चांगलं म्हणून राहिलेलं.
नागलीची भाकर, गावठी कोंबडीचा रस्सा,
आणि भात, पलीकडचा माणूस दिसू नये एवढा.
येताना मी त्याला एकच शब्द शिकवला होता.
तो म्हणाला, "पुरे."
"ऐकलं का, किती गोड बोलतो!"
हन्नाबाईने आणखी एक डाव वाढला.

मग मला म्हणाली, विचार त्याला,
घरी रांधतं कोण?
तो खूप वेळ बोलला.
बायको जाऊन चार वर्षं झाली,
तो खिडकीपाशी उभ्यानेच खातो, डब्यातले मासे,
हिवाळ्यात बाहेर तीनलाच अंधार,
काचेत स्वतःचंच तोंड हलताना दिसतं.
मी सांगितलं: एकटे असतात.
तिने माझ्याकडे पाहिलं. एवढं बोलला, आणि एवढंच?
पातेलं तिरकं करून तिने
स्वतःसाठी राखलेली काळजी शोधली
आणि त्याच्या ताटात सरकवली.

दुसऱ्या दिवशी कापणीचा सण.
वेदीपुढे भाताच्या पेंढ्या, मिरच्या, तिळाची पुरचुंडी,
पाय बांधलेला एक कोंबडा.
तो आमेनच्या जरा आधी आरवला.
पाळक यिर्मया डोळे मिटूनच थांबले,
त्याचं होऊ दिलं, मग आमेन म्हणाले.

उपासनेनंतर लिलाव. देवाला दिलेलं
गावानेच विकत घ्यायचं, पैसा मंडळीच्या पेटीत.
हन्नाबाईचं गंगाफळ निघालं. वीस. पंचवीस.
तूरभाऊ म्हणाला, शंभर.
सगळे गप्प.
तूरभाऊ म्हणाला, दोनशे.
मी त्याच्या कानात सांगितलं,
तुमच्यासमोर कुणीच नाहीये हो.
"माहीत आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा हात वर केला.
साडेआठशेला पोरं बाकांवर चढली होती.
हन्नाबाई पदर तोंडाला लावून बसलेली,
हसतेय की काय, कळेना.

रात्री अंगणात पावरी वाजली.
कमरेला हात, हातात हात, गोल मोठा होत गेला,
त्यात तूरभाऊ, चुकीच्या पायावर,
छातीशी गंगाफळ धरून,
कुणी मागितलं तरी देईना.

सकाळी जीप. बॅगेचं वजन मी समजावलं.
त्याने ते चुलीशेजारी ठेवलं,
एकदा थोपटलं
आणि सगळ्यांसारखं "सलाम" म्हणून गेला.

माघ सरता सरता मी त्या गावात परत गेले, दुसऱ्याच कामाने.
गंगाफळ तिथेच, खाली चुंबळ,
बाजूने राख पसरलेली, मुंग्यांसाठी.
"मावशी, कापलं नाही?"
"विकलंय ते," हन्नाबाई म्हणाली.
"लोकांची चीज आपण कशी कापायची?"
मग पाट पुढे सरकवला, मला जेवायला बसवलं,
आणि पत्र सांगायला लागली:
तूरभाऊ, सलाम.
तुमचं गंगाफळ देठाकडून नरम पडत चाललंय.
कापू का?
तुमच्या वाट्याचं कुणाला वाढू, तेवढं कळवा.

मी लिहीत गेले.
"वाट्याचं" या शब्दापाशी थांबले.
"काय झालं," ती म्हणाली, "भात घे ना."
पुरे, म्हटलं मी.
तिने वाढला.