बदली

मारुती रोडच्या दुकानात ट्यूबलाइट होती.
ट्यूबलाइटखाली सगळेच रंग खरे वाटतात.
काउंटरवरची सानिका म्हणाली, ताई, हा घ्या,
दोन शेड उजळ दिसाल.
मी म्हटलं, बाहेर चल, उन्हात दाखव.
उन्हात मनगटाला राख फासल्यासारखी दिसली.

मग खालच्या कप्प्यातून, मागं सारलेली
एक बाटली निघाली. झाकणावर धूळ.
ती लावल्यावर काही लावलंय असंच दिसेना.
हीच, म्हटलं.
तीनशे नव्याण्णव. सोळा तास टिकतं. घामाला दाद देत नाही.
सांगली-जतच्या दोन ट्रिपा केल्यात का कधी,
असं त्या बाटलीला विचारावंसं वाटलं.

पहाटे सव्वाचार. बेसिनवरचा आरसा,
त्यावर ह्यांच्या दाढीचे शिंतोडे.
सानिकानं बजावलं होतं, ठिपके द्यायचे, घासायचं नाही,
थापायचं. हलकं.
म्हणजे भाकरीसारखं नव्हे,
तान्ह्याला झोपवताना थोपटतात तसं.
मी माझ्याच गालाला थोपटत उभी.
इतक्या मायेनं या गालाला शेवटचा हात कधी लागला
ते आठवायला लागले, तर गाडीची वेळ झाली.

वांग आहे माझ्या दोन्ही गालांवर.
धाकट्याच्या वेळी उमटलं, उन्हानं पक्कं केलं.
लिंबू झालं, मसूरडाळ झाली, मिरजेच्या डॉक्टरची ट्यूब झाली,
जाऊबाईंनी दृष्टसुद्धा काढली.
ते आज, सात वर्षांनी,
डेपोच्या हजेरीला गैरहजर.

मुजावर ड्रायव्हरनं आरशातून दोनदा पाहिलं,
मग म्हणाला, बरं नाही का मॅडम, आज?
मी डबल बेल दिली.

कवठेमहांकाळपर्यंत चेहऱ्यावर काहीतरी आहे हे कळत होतं,
नवी चप्पल पायात कळते तसं.
नागज फाट्याला विसरले.
खिडक्यांतून पांढरी धूळ आत येत होती,
शाळेची पोरं दप्तरं पोटात खुपसत होती,
मशीनचा कागद संपला, सुट्ट्यांवरून एकाशी वाजलं,
घाम कानामागून उतरून कॉलरला लागला,
गालाला काही करू शकला नाही.

तिथंच गंगव्वा चढली. पाटीत भुसा, भुशात अंडी.
बाजाराच्या दिवशी ती असतेच.
अर्धं तिकीट चोळीत खोचलं, मला निरखून बघितलं,
म्हणाली,
"ती वांगवाली बाई बरी होती. पाटीला जागा करून द्यायची.
तिची बदली झाली व्हय?"

इतकी वर्षं छातीवर बिल्ला लावतेय,
त्यावर नाव आहे, नंबर आहे.
या रस्त्यावर माझं नाव वांगवाली आहे
हे मला आज कळलं.
राग येईल असं वाटलं. वाट बघितली.
थोडा आला, पण "बरी होती"पाशी
ठेचकाळून तिथंच बसला.

"झाली," म्हटलं. "आजच्या दिवस."
आणि पायानं कुणाचं तरी पोतं सारून
पाटीला जागा केली.
ती बघत राहिली, पोत्याकडं, मग माझ्या पायाकडं,
सगळ्यात शेवटी तोंडाकडं.
पदर तोंडाला लावून
"व्हय की गं," एवढंच म्हणाली.

सव्वासातला कॅश भरली, वेबिलावर सही केली.
घरी साबणानं जाईना. खोबरेल लावलं,
तेव्हा माझ्याच रंगाचा माझाच गाल टॉवेलवर उतरला
आणि खालून वांग वर आलं, जागच्या जागी,
कुठंच न गेलेलं.
हे म्हणाले, टॉवेलला काय लागलंय?

बाटलीवर सोळा तास लिहिलंय.
मी पंधरा धरते.
रविवारी नणंदेची वास्तुशांत आहे, तिथं नक्की लावणार.
ड्युटीवर, बघू,
बाजाराचे दिवस तेवढे सोडून.