आधी प्लग

पौषात लष्करवर धुकं उतरलं
की गच्चीवरची दोरी म्हणजे नुसती शोभा.
सकाळी टाकलेली चादर संध्याकाळी
जास्तच ओली होऊन खाली येते.
म्हणून हा ड्रायर. हप्त्यांवर घेतलेला,
न्हाणीघराबाहेरच्या बोळकांडीत बसवलेला.
मामंजींना दिवसाला तीन चादरी लागतात,
कधी चार. मोजायचं मी सोडून दिलंय.

मंगळवारी रात्री ड्रम फिरत राहिला,
पोटात ऊब मात्र नाही.
तासाभराने दार उघडलं तर चादर
गरगरून दमलेली आणि गार,
कुत्र्याच्या नाकासारखी.

हेरंब भोपाळला. फोनवर म्हणाला, मेकॅनिकला बोलाव.
रात्री सव्वादहाला. धुक्यात. मेकॅनिक.

आधी प्लग काढला.
मशीन भिंतीपासून ओढलं, मागचं पत्र्याचं झाकण,
आठ स्क्रू, ते आमटीच्या वाटीत ठेवले.
मीटर मामंजींच्या कपाटात होता,
वीज मंडळाचा शिक्का पुसट झालेला.
एकतीस वर्षं खांबांवर चढलेला माणूस,
आता कुशीवर वळवावा लागतो.
झटक्याने शब्द नेले. ऐकणं ठेवलं.

कॉइलला टोकं लावली: बीप.
थर्मोस्टॅट: बीप.
मग नखाएवढा पांढरा फ्यूज.
काही नाही.
पुन्हा लावली. काही नाही.
एवढासा, आणि अख्खी रात्र अडवून बसलेला.

तोमरभाभी खिडकीतून म्हणाल्या,
"अरे, सीधा तार जोड दो,
हमारे गीझर में दो साल से जुडा है."
खोटं कशाला बोलू, तार सोललीही मी.
दोन इंच. दातांनी.

तेवढ्यात खाटेच्या लोखंडी कठड्यावर
टक्. टक्. टक्.
एकदा म्हणजे पाणी.
दोनदा म्हणजे चादर.
तीनचा अर्थ आमच्यात ठरलेला नव्हता.

गेले तशीच, तार हातात.
त्यांचा उजवा हात चालतो. त्याला करंगळी नाही.
कशी गेली ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही लग्नानंतर बावीस वर्षांत विचारलं नाही.
उरलेल्या चार बोटांनी त्यांनी तार घेतली,
पोराकडून गोटी काढून घ्यावी तशी,
आणि उशीखाली सारली.
मग हात तोंडाशी नेऊन फुंकर मारली.
अर्धीच आली, ओठ एका बाजूने मिटत नाहीत.
पुन्हा मारली.
मला वाटलं, चहा गरम होता म्हणताहेत. चहा कुठला!

मग उमगलं. वारा. नळी.

जाळी मी रोज झाडते, त्याचा जरा तोराच होता मला.
पण नळी जिथे वळून भिंतीतून बाहेर जाते
तिथे मुठीएवढा बोळा, दाबून बसलेला,
दोन हिवाळ्यांची लव.
राखाडी, मध्येच एक लाल रेघ
(शर्वाणीचं स्वेटर, जे आटलं आणि रडारड झाली),
बाकी सगळा पांढरा.
चादरी. रोज थोड्या थोड्या
इथे येऊन राहत होत्या.

फ्यूज बिघडला नव्हता तर.
कोंडलेली आच घराला लागायच्या आत
त्याने स्वतःला तोडून घेतलं होतं.
आणि मी त्याच्या जागी
तांब्याची तार घालणार होते, जी कधीच तुटली नसती.

त्या रात्री दोन चादरी इस्त्रीने वाळवल्या.
तिसरी गॅससमोर धरून उभी राहिले,
हात बदलत.

सकाळी नजरबागेत किशनचंदच्या दुकानात
फ्यूज मिळाला, साठ रुपये.
"पर जला क्यों? नली देखी?"
देखी, म्हटलं.
तेव्हा कुठे त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी नळी काढते,
बाटली धुवायच्या ब्रशने आतून फिरवते,
आणि लावून झाली की बाहेर गल्लीत जाऊन
जाळीपाशी तळहात धरते.
गरम, ओलसर वारा येतो. साबणाच्या वासाचा.
तेवढा वेळ मी तिथे जास्तच उभी राहते.

तार अजून उशीखालीच आहे.
चादर बदलताना दिसते.
गादी झाडून
परत तिथेच ठेवते.