दोन-सहा

मिरजेला डोळा करून आले,
पट्टीसकट तासगावच्या दुकानात गादीवर बसले.
दांडीवरच्या हिरव्या चुड्याकडे हात केला
तर चुडा चार बोटं पुढंच.
चहाच्या कपाचं तसंच. उंबऱ्याचं तसंच.
एका डोळ्याला जग दिसतं;
किती लांब, ते दुसऱ्याला विचारावं लागतं.

चाळीस वर्षं भरली या गादीवर,
पण ठाऊक नव्हतं,
की बांगडी काढायच्या आधीच
नजरेनं ती एकदा भरून झालेली असते.
बाई पायरी चढतानाच कळायचं,
दोन-चार का दोन-सहा,
आणि माझी बोटं दांडीशी पोचायच्या आत
वाटेतच तेवढी उघडायची.
त्यांना कोण सांगत होतं?

आठव्या दिवशी पट्टी निघाली.
कोष्ट्यांची हिरा आली, लेकीच्या डोहाळजेवणासाठी.
दोन-सहा, म्हटलं. बरोबर निघाली.
अंगठ्याचा सांधा दाबून चढवत होते
आणि खाली बघितलं.

माझा हात.
काचेनं ओढलेल्या रेघा,
मागच्या बाजूला तपकिरी ठिपके, कधी आले कोण जाणे.
इतका लख्ख मी तो पाहिलाच नव्हता.
बघत राहिले, तसा तो अडला.
कट्.
वाढली गं, म्हणाले. हिरा हसली.

दुसरी घेतली.
नजर तिच्या तोंडावर ठेवली,
दुखतंय का, तेवढंच बघत,
आणि विचारलं, जावई काय करतो?
ती सांगत होती तोवर
डझन भरला.